तीन इंजिनांचं रॉकेट, पेटली दोनच, नाकावर आपटलं. दुरुस्त करू की नवीन बांधू?

केटीकर_बाबा

नमस्कार मंडळी, इथे मॉडेल रॉकेटवाले कोणी आहेत का बघतोय, नसले तर निदान इलेक्ट्रिकलवाले तरी असतीलच. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, लेक बारा वर्षांची, गेली दोन वर्षं आम्ही दोघं एका इंजिनाची किटमधली रॉकेटं उडवतोय, ती सगळी गुणी आहेत, नीट जातात नीट येतात, फारच झालं तर एखादं झाडावर बसतं. मग तिने इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा व्हिडिओ बघितला आणि सुरू झालं, बाबा एकावर काय उडवायचं, खूप सारी लावूया. मी पण हो म्हणून बसलो.

तर बांधलं असं. बीटी-६० म्हणतात ती साधारण ४१ मिमीची पुठ्ठ्याची नळी, त्यात १८ मिमीच्या इंजिनांसाठी तीन नळ्या एकमेकींना चिकटवून. मला वाटलं होतं तासावं लागेल पण तिन्ही अशा बसल्या की जणू त्यासाठीच बनवल्यात. बाल्साच्या हलक्या लाकडाचे तीन फिन (शेपटीचे पंख), प्लॅस्टिकचं नोजकोन म्हणजे नाकाची टोपी, १८ इंची पॅराशूट, सी६-५ प्रकारची तीन इंजिनं भरून वजन २८० ग्रॅम. रंग लेकीने दिला, भगवा आणि पांढरा, दोन-तीन हात मारले.

शनिवारी सकाळी शाळेच्या मागच्या मैदानात गेलो. कंट्रोलर किटसोबत आलेलाच, चार पेन्सिल सेलचा. तिन्ही इग्नायटरच्या (इंजिन पेटवणाऱ्या काडीच्या) तारा एकत्र पिळून दोन चिमट्यांत धरल्या, किल्ली घातली, दिवा लागला, म्हटलं चला कनेक्शन ओके. पाच चार तीन दोन एक, बटण दाबलं, काहीच नाही, मी दाबूनच धरलं, सेकंदभराने फुस्स करून पेटली पण दोनच. ज्या उभ्या रॉडवरून उडतं त्यावरून सुटतानाच कललं, तसंच तिरकं वर गेलं, वळलं आणि खाली यायला लागलं. इजेक्शनचा (इंजिन संपल्यावर नोजकोन उडवून पॅराशूट बाहेर काढणाऱ्या छोट्या बाराचा) आवाज दोनदा आला, फट, फट, मी माझ्या कानांनी ऐकला, तरी नोजकोन निघालंच नाही. सरळ नाकावर. मातीत चार बोटं रुतलं. लेक हसून हसून खाली बसली, मी नाही हसलो, तीन वीकेंड गेले होते त्यात.

आता वरची दहाएक सेंटिमीटर नळी पेटीच्या भात्यासारखी चुरगळलीय, एक फिन मुळातून गेलाय आणि न पेटलेलं इंजिन रॉकेटमध्ये नव्हतंच, वीस-पंचवीस पावलांवर गवतात सापडलं. दिवा लागला होता तर तिसरं पेटलं का नाही? आणि दोनदा फट झालं तर नोजकोन का नाही उडालं? हे दुरुस्त होण्यासारखं आहे का, आणि ते सापडलेलं इंजिन परत वापरलं तर चालेल का, कोरं करकरीत दिसतंय.

वातवाला

मी रॉकेटवाला अर्धाच, पोटापाण्याला इलेक्ट्रिकल. तुमच्या दिव्याने तुम्हाला फसवलंय.

तारा पिळून दोन चिमट्यांत धरल्या म्हणजे तिन्ही पॅरलल झाले, ते बरोबरच केलंत (सिरीजमध्ये लावले असते तर सगळ्यात चपळ इग्नायटर जळून तुटला की बाकीच्यांचा करंट तिथेच बंद). पण पॅरललमध्ये तिघांपैकी एकाचं जरी कनेक्शन धड असलं तरी दिवा लागतो. तो एवढंच सांगतो की कुठून तरी रस्ता आहे, बाकी दोघे मेलेले असले तरी त्याला पत्ता नसतो. वर्गात हजेरी घेताना एकच पोरगं तिघांची हजर सर म्हणतं ना, तसं. म्हणून इंजिनात घालायच्या आधी प्रत्येक इग्नायटर सुटा सुटा मल्टीमीटरवर बघायचा. चांगला असला तर एक ओहमच्या आसपास दाखवतो, तुटका असला तर काहीच नाही.

आता सेल. एका इग्नायटरला पेटायला साधारण दोन अँपिअर लागतात धरा. चार पेन्सिल सेल, नवे असले तरी प्रत्येकाचा आतला रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या घरात, चौघांचा मिळून ०.८. एकटा इग्नायटर असला की साडेतीन-पावणेचार अँपिअर मिळतात, पेटतो झटकन, म्हणून तुमची एका इंजिनाची रॉकेटं गुणी आहेत. तीन लावले की एकूण फार तर साडेपाच, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनपेक्षा कमी. तारांचा लॉस धरलाच नाहीये अजून. म्हणून सेकंदभर तिघेही नुसते तापत बसले. तुम्ही म्हणाल दोन जळून गेल्यावर तिसऱ्याला सगळा करंट मिळायला हवा होता, हो मिळाला असता, पण तोपर्यंत दोन इंजिनांनी रॉकेट उचललं ना, चिमटे खाली राहिले आणि रॉकेट वर. क्लस्टरमध्ये, म्हणजे अशी एकत्र बांधलेली इंजिनं असली की, नुसतं तिन्ही पेटून चालत नाही, एकदम पेटावी लागतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

१२ व्होल्टची सीलबंद लेड बॅटरी घ्या, यूपीएसमध्ये असते ती ७ अँपिअर-तासवाली, आणि कंट्रोलरपासून रॉकेटपर्यंत १६ गेजची जाड वायर. सगळे लॉस धरून प्रत्येकाला सात-आठ अँपिअर मिळतील. पण १२ व्होल्ट त्या किटच्या डब्यातून पाठवू नका, त्याचं बटण एवढ्यासाठी नाहीये. रिले लावा नाहीतर दणकट पुश बटण, आणि काढून खिशात ठेवता येईल अशी किल्ली हवीच. आणि तारा पिळण्यापेक्षा एका वायरला तीन लाल चिमटे आणि एकीला तीन काळे असा गजरा करून घ्या, प्रत्येक इग्नायटरला स्वतःची जोडी. चिमट्यांचे दात पॉलिश पेपरने घासा दर वेळी, जुन्या काजळीने निम्मे घोटाळे होतात.

डेन्व्हरची_अनघा

मी गेली नऊ-दहा वर्षं क्लस्टर उडवतेय, वातवाल्यांनी पेटण्याचं बरोबर सांगितलंय, मी नोजकोनचं बघते. काका, उत्तर द्यायच्या आधी मला एक सांगा, रॉकेट उलटं करून टॉर्चने बघा, काजळी नक्की कुठे आहे? तीन नळ्यांच्या मधे जी त्रिकोणी फट राहते तिथे, का रिकाम्या नळीच्या आत? त्या फटी तुम्ही बुजवल्या होत्या का? बरेच जण विसरतात, मग इजेक्शनचा गॅस वर नोजकोनला ढकलायच्या ऐवजी खालच्या फटीतून निघून जातो आणि आवाज मात्र मस्त येतो.

आणि ते सापडलेलं इंजिन प्लीज वापरू नका. आतला मसाला म्हणजे दाबून बसवलेली काळी दारू असते, ती पडल्यावर तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. तडकलेली पेटली की फट धरून सगळी एकदम जळते, रॉकेट रॉडवरच फुटतं. पाण्याच्या बादलीत टाका, पुठ्ठा सुटून सगळा चिखल होईपर्यंत ठेवा, मग कचऱ्यात. बाकीची इंजिनं टेक्ससच्या उन्हात गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर तीही घरात आणा, तापून गार होऊन मसाला पुठ्ठ्यापासून सुटतो.

केटीकर_बाबा

दोघांनाही थँक्यू. डिकीचं तुम्हाला कसं कळलं? मागचा अख्खा जुलै डिकीतच होती. ती पण बादलीत घालतो आता, जीव जळतोय पण घालतो.

काजळी बघितली. मधल्या फटींत मी टिश्यू पेपर ग्लूमध्ये भिजवून कोंबला होता, तिथे जवळजवळ स्वच्छ आहे. पण ज्या नळीतलं इंजिन पेटलं नाही ती आतून वरपासून खालपर्यंत काळीकुट्ट. आणि नोजकोन मी आत्ता हाताने काढायला गेलो तर दोन्ही गुडघ्यांत धरून ओढावं लागलं.

डेन्व्हरची_अनघा

सापडलं की मग! रंगाचे दोन-तीन हात म्हणालात ना, नळीच्या तोंडाला आतून आणि नोजकोनच्या खांद्याला रंग लागला असणार, तो वाळून घट्ट. आणि इंजिनं नुसत्या मास्किंग टेपच्या एखाद्या वेढ्यावर बसवलेली असणार. इजेक्शनचा दाब काही वर-खाली ओळखत नाही, जे सैल असेल ते उडवतो. पेटलेल्या दोघांपैकी पहिल्याचा फट झाला तेव्हा न पेटलेलं सैल इंजिन मागून बाहेर फेकलं गेलं, त्या भोकातून सगळा गॅस गेला, दुसऱ्याचा फट झाला तोही तिथूनच गेला. नोजकोनपर्यंत काही पोचलंच नाही.

इंजिन असं बसायला हवं की काढताना पक्कड लागेल, आणि नोजकोन असं की रॉकेट नोजकोनला धरून उचललं तर सुटू नये पण जरा हिसका दिला की निघावं. तुमचं नेमकं उलटं झालं. खांद्यावरचा रंग पॉलिश पेपरने काढून टाका. इंजिनाला टेपचे वेढे वाढवा आणि शिवाय खालून तिन्ही इंजिनांच्या कडांभोवती एक टेपचा पट्टा बाहेरून. तारेचे हूक लावता येतात पण चिकटलेल्या तीन नळ्यांत ते जरा किचकट पडतं, मी टेपवरच भागवते.

दुरुस्ती हो, होण्यासारखी आहे, नवीन कशाला बांधताय. चुरगळलेला भाग जिथे संपतो त्याच्या सेंटिमीटरभर खाली कापायचं. सरळ कापायला साध्या कागदाची सरळ कडेची पट्टी नळीभोवती गुंडाळा, कडेला कडा जुळली की ती रेघ सरळ असते, पेन्सिलने आखा, आणि नव्या ब्लेडने एका दमात न कापता हळूहळू गोल फिरत पाच-सहा वेळा. आत बीटी-६० चा कपलर (आतून बसणारी जोडनळी) घाला, निम्मा खालच्या नळीत निम्मा वरच्या नव्या तुकड्यात, पिवळ्या वुड ग्लूने. एक लक्षात ठेवा, ग्लू लावून कपलर घातला की मधे थांबायचं नाही, पुठ्ठा ग्लूमधलं पाणी शोषतो, कपलर तिथल्या तिथे घट्ट बसतो आणि मग ना पुढे ना मागे, मी एकदा अर्ध्यावर अडकवून बसलेय. जोडाच्या रेघेवर फिलर, घासा, रंग द्या, कोणाला कळणार नाही. वजन दहा-बारा ग्रॅमनी वाढेल पण ते पुढच्या बाजूला वाढतंय, तीन इंजिनांचं पाऊणशे ग्रॅम शेपटीला असताना पुढे थोडं वजन पडलेलं बरंच.

फिनसाठी जुना ग्लू खरवडून पुठ्ठा उघडा करा. मग फिनच्या कडेला आणि नळीवर दोन्हीकडे ग्लूचा पातळ थर, पाच मिनिटं वाळू द्या, परत थोडा ग्लू आणि मग चिकटवा, पटकन धरतं. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी बोटाने ग्लूची गोलाई. बाल्साच्या शिरा नळीपासून बाहेरच्या दिशेला जायला हव्यात, तुमच्या फिनच्या शिरा नळीला समांतर असतील तर तो परत तिथेच तुटणार.

अजून एक, मैदान. एक सी६ म्हणजे एकूण जोर साधारण ९ न्यूटन-सेकंद, तीन म्हणजे २६-२७, हे ई क्लासमध्ये गेलं बरं का, सी नाही राहिलं. इथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सेफ्टी कोडप्रमाणे सी साठी ४०० फुटांचं मैदान चालतं, ई ला १००० फूट लागतं, आणि तुम्ही १५ ऐवजी ३० फूट लांब उभं राहायचं. नाही पेटलं तर किल्ली काढून ६० सेकंद कोणी जवळ जायचं नाही, लेकीला पण सांगा. रॉड कुठला वापरलात? पाव किलोच्या वरचं रॉकेट पाव इंची रॉडवर लावा, १/८ इंची रॉड वेताच्या छडीसारखा झुलतो, तुमचं कललं त्यात थोडा त्याचाही हात असणार.

सरळसोट

मला एक कळत नाही, एवढा उपद्व्याप कशाला? २४ मिमीचं एक डी१२ लावा, १७ न्यूटन-सेकंद मिळतात, म्हणजे तुमच्या दोन सी६ एवढे, एक इग्नायटर, एक दिवा, तोही खरं बोलणारा. क्लस्टर म्हणजे तीन ठिकाणी चूक करायची सोय.

वातवाला

@सरळसोट हिशोब तुमचा बरोबर आहे, पण मग दिवाळीत एकच मोठा बाण लावून घरी जावं की माणसाने.

बाय द वे, तीन चिकटून असल्याचा एक फायदा. नळीचा मध्य रॉकेटच्या मध्यापासून जेमतेम ११ मिमी. एक नाही पेटलं तर उरलेल्या दोघांचा जोर मध्यापासून पाच-साडेपाच मिमी बाजूला पडतो, म्हणून यांचं नुसतं कललं. हीच इंजिनं लांब लांब बूस्टरसारखी लावली असती तर भुईचक्र झालं असतं.

सांगलीचा_पाणीवाला

वाचून मजा आली राव. तुम्ही अमेरिकेत बसून सी६, डी१२ करताय, इथे आमच्या हाताला ती इंजिनं लागत नाहीत, बाहेरून मागवायची म्हटली तर स्फोटकांच्या कायद्यात बसतात, पार्सलने दारू येत नसते. आणि मुलं मग काय करतात, व्हिडिओ बघून घरी साखर आणि काहीबाही शिजवायला बघतात. माझ्या शाळेत (विज्ञान शिकवतो) दोघांना वेळेवर पकडलंय मी, बोटं जाग्यावर आहेत म्हणून आज हसतोय.

आम्ही पाण्याची रॉकेटं उडवतो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप, ५०-६० पीएसआय, त्यावर जात नाही. गेल्या वर्षी पोरांनी तीन बाटल्यांचं क्लस्टर केलं, तिन्हीला एकच हवेची लाइन म्हणजे दाब आपोआप सारखा. पण सुटण्याची बोंब तुमच्यासारखीच! तीन क्लिपांपैकी एक जरा उशिरा सुटली, रॉकेटने जागेवर गिरकी घेतली आणि मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर आख्खं पाणी. मग तिन्ही क्लिपांवरून एकच पीव्हीसीचं कडं खाली ओढायचं केलं, तेव्हा जमलं.

आणि दादा, लेकीला पीएसएलव्ही आवडतं ना, तिला हे पण सांगा की त्याच्या एक्सएल प्रकाराला सहा बूस्टर असतात पण सगळे एकदम पेटत नाहीत, चार जमिनीवर आणि दोन वर गेल्यावर. आणि त्याच्या आधीचं एएसएलव्ही, २४ मार्च १९८७ ला पहिल्यांदा उडालं, बाजूचे दोन बूस्टर मस्त जळाले आणि ते संपल्यावर मधलं पहिलं स्टेज पेटलंच नाही. गेलं समुद्रात. तुमचं तर शाळेच्या मातीत रुतलं, उपसून आणता तरी आलं.

केटीकर_बाबा

अपडेट देतो, तीन आठवडे झाले. लेकीला एएसएलव्हीचं सांगितलं तर म्हणते मग आपलं बरंच बरं.

कपलर घातला. अनघाताई, तुम्ही सांगूनसुद्धा मी मधे थांबलो, फोन वाजला, अर्ध्यावर अडकला. लाटणं आत घालून वरून हातोडीने ठोकून बसवला, बायकोला सांगू नका, लाटणं धुऊन ठेवलंय. फिनच्या शिरा खरंच नळीला समांतर होत्या, नवीन कापला, बाकीचे दोन तसेच ठेवले कारण कंटाळा आला. रॉड मागच्या वेळी १/८ चाच होता, पाव इंची आणला आणि लाँच लग (रॉड ओवायची बाजूची नळी) पण बदलला. वातवाल्यांनी सांगितला तसा चिमट्यांचा गजरा केला, बॅटरी यूपीएसमधली. इग्नायटर एकेक मल्टीमीटरवर लावले आणि सहापैकी एक खरोखर मेलेला निघाला!! टोकाजवळ तार तुटलेली, डोळ्याला अजिबात दिसत नव्हती. मागच्या वेळचा तिसरा तसाच होता की करंट कमी पडला ते आता कळायचं नाही.

यावेळी शहराबाहेर क्लबच्या लाँचला गेलो, केवढं तरी गवताळ रान, तिथल्या आजोबांनी आधी दोऱ्याला बांधून बॅलन्स बघितला, मग नोजकोनला धरून उचललं, हिसका दिला, मान हलवली आणि पास केलं. लेकीने बटण दाबलं. यावेळी थांबणं वगैरे नाहीच, एकच धाड असा आवाज आणि गेलं सुद्धा, मी व्हिडिओ काढत होतो तर व्हिडिओत नुसता रॉड आणि धूर. सरळ, काठीसारखं. वरती तीन फट ऐकू आले, दोन जवळजवळ आणि तिसरा जरा मागून, पहिल्यालाच नोजकोन सुटलं आणि पॅराशूट उघडलं.

उतरताना मात्र एक फिन परत तडकला, जुन्या दोनांपैकी. आणि आतली रबरी शॉक कॉर्ड (नोजकोन नळीला बांधून ठेवणारी दोरी) इंजिनांकडच्या टोकाला जळून दोऱ्याएवढी उरलीय. वॅडिंग (गरम गॅसपासून पॅराशूट वाचवणारा कागद) तर घातलं होतं, एका इंजिनाला घालतो तेवढंच. आता काय लावू तिथे? लेक चार इंजिनांचं म्हणतेय.

डेन्व्हरची_अनघा

वॅडिंग तिप्पट घाला, फट पण तिप्पट आहेत ना. तेही न पेटणारंच, घरातला टिश्यू नको. कॉर्डला इंजिनांकडच्या बाजूला दोनेक फूट केव्हलारचा (उष्णता सोसणारा) दोरा, पुढे रबर. केव्हलार नळीच्या तोंडाच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर झटक्याने पुठ्ठा चिरत खाली येतो.

चारसाठी बीटी-६० लहान पडते. आधी तो फिन कापा.